ब्रेक गेला तरी विमान थांबतं

नमस्कार मंडळी. पार्ल्यातली माणसं विमानांच्या आवाजातच वाढलेली, त्यामुळे प्रस्तावना करत नाही. पण आज जेट नाही, सेसना 172 सारख्या एका इंजिनच्या, चार सीटच्या विमानाबद्दल बोलायचंय. लँडिंगला ब्रेक लागलाच नाही तर काय करायचं?

आधी ब्रेक असतो कुठे ते बघा. पुढच्या चाकाला नसतोच, फक्त दोन मुख्य चाकांना डिस्क ब्रेक असतात. रडर, म्हणजे शेपटीवरची विमान डावी-उजवीकडे वळवणारी फळी, तिच्या पेडलचा वरचा भाग पायाच्या बोटांनी दाबायचा, डाव्या पायाने डावं चाक, उजव्याने उजवं, आणि दोन्हींचे सिलिंडर वेगळे. म्हणजे एका बाजूचं सील गळालं की तो एकच ब्रेक जातो, दुसरा चालू राहतो, आणि मला विचाराल तर दोन्ही जाण्यापेक्षा हे जास्त वाईट, कारण घाबरून दोन्ही पेडल दाबली की चालू ब्रेकच्या बाजूला विमान गर्रकन वळतं आणि रनवे सोडून थेट गवतात. म्हणून एक पेडल मऊ लागलं की बोटं दोन्हीवरून काढायची, आधी रडरने विमान सरळ ठेवायचं.

आता विमान थांबवायचं कशाने? तर हवेने. थ्रॉटल, म्हणजे इंजिनची पॉवर, पूर्ण बंद आहे ना बघायचं, योक, म्हणजे हातातलं स्टिअरिंग, मागे ओढून नाक जितका वेळ वर राहील तितका वेळ ठेवायचं, फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेचे खाली वळणारे भाग, खालीच राहू द्यायचे. एरवी चाकांवर वजन यावं म्हणून फ्लॅप वर घेतात, पण ब्रेकच नसेल तर त्या वजनाचा उपयोग काय? जेआरडी टाटा 15 ऑक्टोबर 1932 ला कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले ते पुस मॉथ विमान आठवा, त्याच्या चाकांच्या दांड्यांवरची आवरणं आडवी फिरवून हवेचा ब्रेक करता यायचा. किती सुंदर युक्ती!

पण सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे स्पीड. लागणारं अंतर स्पीडच्या वर्गाने वाढतं, म्हणजे 65 नॉट्सऐवजी (ताशी सुमारे 120 किलोमीटर) 10 टक्के जास्त स्पीडने टेकलात तर अंतर 21 टक्के जास्त. आणि पावसाळ्यात तर चांगला ब्रेकसुद्धा कामाचा नाही, 36 पीएसआय हवा असलेला टायर साचलेल्या पाण्यावर साधारण 54 नॉट्सला तरंगायला लागतो. म्हणून उतरण्याआधी डाउनविंडलाच, म्हणजे रनवेला समांतर उलट दिशेने उडत असतानाच, दोन्ही पेडल दाबून बघायची सवय लावा. पेडल तळाला गेलं तर अजून हवेत आहात, इंधन आहे, वेळ आहे, टॉवरला सांगा आणि लांब रनवे मागा, समोरून वारा येईल असा. लांबी किती महत्त्वाची ते जुहूनेच दाखवलंय, 24 सप्टेंबर 1972 ला जपान एअरलाइन्सचं डीसी-8 सांताक्रूझचा मोठा विमानतळ समजून तिथे उतरलं आणि रनवे संपवून पुढे गेलं, नशीब की कोणी दगावलं नाही.

आणि टेकल्यानंतर कळलं तर? रनवे भरपूर उरलाय, स्पीड आहे, तर लगेच पूर्ण पॉवर देऊन परत उडा. पण अर्धा रनवे गेला, स्पीड उतरला, तर आता उडायचा मोह नको, कुंपणाला हळू धडकणं परवडतं, झाडाच्या उंचीवर स्टॉल होणं, म्हणजे स्पीड कमी पडून पंखांची उचल जाणं, नाही. मिक्श्चर, म्हणजे इंधन-हवेच्या मिश्रणाचा दांडा, ओढून इंजिन बंद, इंधन बंद, विजेचा मास्टर स्विच बंद, दरवाजा आधीच उघडून ठेवायचा म्हणजे अडकणार नाही, आणि दोन अडथळ्यांच्या मधून नाक घालायचं, पंख तुटले तरी चालतील.

थांबलात की एक गोष्ट मात्र अजिबात करू नका, टॅक्सी करत, म्हणजे इंजिनच्या जोरावर जमिनीवरून चालवत, पार्किंगपर्यंत जाऊ नका. आयडलवरचं इंजिनसुद्धा विमान पुढे ढकलतं आणि समोर पंखा फिरत असतो, तिथे माणसं असतात. जागेवरच इंजिन बंद करा, टॉवरला सांगा आणि विमान ओढून न्यायला माणसं बोलवा.