गच्चीवरचा एसीवाला

श्रोतेहो, नमस्कार.

मार्च सरत आला की कोल्हापुरात लक्ष्मीपुरी म्हणू नका, राजारामपुरी म्हणू नका, एसीच्या दुकानांत एकच तगादा असतो: आजच्या आज बसवून द्या. म्हणजे एसी बसवणाऱ्या पोरांचा हंगाम नेमका भर उन्हाचा. आपण पंख्याखाली बसून वाट बघतो आणि ती पोरं गच्चीवर, छज्ज्यावर, तापलेल्या पत्र्याखाली बाहेरचं युनिट बसवत असतात. शेजारची युनिटं अंगावर गरम हवा सोडत असतात आणि कधी हातात पाइप जोडायचा जळता टॉर्च. कोल्हापूरचा पारा चाळिशी क्वचितच ओलांडतो, म्हणून आपण म्हणतो, विदर्भासारखं ऊन आपल्याकडं कुठं? पण वळवाचे ढग जमले की हवा दमट होते, घाम वाळत नाही. आणि घाम वाळला तरच अंग गार होतं.

आता एक प्रसंग. मी जिथं जाईन तिथं तो सांगतो, आज तुम्हालाही ऐकावा लागणार.

मंगळवार पेठेत आमच्या ओळखीच्या एक आजी आहेत. नातवाच्या खोलीत एसी घ्यायचा ठरला. मी आयटीआयत हेच काम शिकवतो, म्हणून कुठल्या भिंतीला लावायचा हे विचारायला त्यांनी मला बोलावलं होतं. एप्रिल महिना, दुपारचे दोन. दुकानातून मिस्त्री आला आणि त्याच्याबरोबर एक नवं पोरगं. तालमीतलं. तीस-पस्तीस किलोचं युनिट एकट्यानं खांद्यावर घेऊन तीन जिने चढलं. मिस्त्री कौतुकानं म्हणाला, "ह्ये काय दमायचं न्हाई, म्हैस उचलंल."

तासाभरानं मिस्त्रीनं पाना मागितला, तर पोरानं हातोडी दिली. परत पाना मागितला, परत हातोडी. मिस्त्री तापला, तर पोरगं उलट त्याच्यावरच खेकसलं. जीभ जड. मिस्त्री म्हणाला, "दुपारचीच टाकून आलायस व्हय रं?"

तेवढ्यात आजी ताकाचा तांब्या घेऊन वर आल्या. पोराकडं नीट बघितलं आणि विचारलं, "बाळ, आज वार कुठला?"

पोरगं म्हणालं, "दसरा. चौकात जायचंय, सोनं लुटायला."

एप्रिलमध्ये!

आजींनी तांब्या खाली ठेवला. "ह्याला ऊन लागलंय. उचला." मी हात लावला तर अंग भाजत होतं आणि शर्ट मात्र घामानं पिळून निघेल असा. हे नीट ऐका. घाम येत होता. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, असं समजू नका. कष्टाचं काम करणाऱ्याला घामेजल्या अंगानंही उष्माघात होतो.

जिन्याच्या सावलीत त्याला आडवा केला. मिस्त्री गच्चीवरच्या टाकीची नळी ओढायला धावला, तशा आजी ओरडल्या, "टाकीचं नको! ते तर कढत आलंय. खालच्या हौदातलं आणा!" बादल्या हातोहात वर आल्या. शर्ट काढला, पाणी ओतलं, ओला पलंगपोस अंगावर टाकला, समोर टेबलफॅन. कोपऱ्यावरच्या सोडावाल्याकडून बर्फ आणला, तो फडक्यात बांधून मानेला, काखेत, जांघेत. एक शेजारी कांदा फोडून आले, नाकाशी धरा म्हणून. आजी म्हणाल्या, "कांदा जेवताना खावा. आता पंखा धरा." दुसरे म्हणाले, मोटरसायकलवर मधे बसवून नेऊया. त्यांनाही नकार. १०८ ला फोन झाला होता आणि गाडी येईपर्यंत पाणी काही थांबलं नाही. ताक मात्र आजींनी पाजू दिलं नाही. शुद्ध नीट नसलेल्या माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही, ते श्वासनळीत जातं, हे त्यांना कुणी शिकवलं होतं देव जाणे.

सीपीआर रुग्णालयात पोचेपर्यंत पोरगं स्वतःचं नाव-गाव सांगायला लागलं होतं. डॉक्टरांनी पहिलं काय विचारलं? "पाणी कुणी ओतलं?"

आधी गार, मग गाडी. पुन्हा सांगतो: आधी गार, मग गाडी. अंगातला ताप ४० अंश सेल्सिअसवर गेला आणि माणूस बरळायला लागला, तर वाट बघायची नाही. थर्मामीटर शोधत बसायचं नाही. डोकं दुखतंय, मळमळतंय, पायात गोळे येतायत, इथंच काम थांबवून सावलीत बसवलं तर पुढचं टळतं.

दुकानदारांनो, नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हातलं काम पाचव्या हिश्श्याइतकंच द्या, मग रोज तेवढंच वाढवा. तालमीत कमावलेलं अंगही उन्हाला सरावलेलं नसतं. दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी, तहान लागायच्या आधीच. आणि तो व्हॅक्यूम पंप. पाइपातली हवा आणि ओल काढायला तो चालवावाच लागतो, पण घाईत बरेच जण टाळतात आणि पुढं कॉम्प्रेसर बंद पडला की गिऱ्हाइकाच्या नावानं खडे फोडतात. पंप लावा आणि तो चालू आहे तोवर सावलीत बसा.

आपणही कमी नाही म्हणा. १ जानेवारी २०२० पासून स्टारवाले एसी मुळात चोवीसवर लावून येतात, आपण रिमोट शोधून ते अठरावर आणतो आणि वर गोधडी घेतो. हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. शिवाय इमारत पुढून देखणी दिसावी म्हणून युनिट अशा जागी टांगायला लावतो, जिथं कावळाही बसणार नाही. उद्या दुरुस्तीला तिथं माणूसच लोंबकळणार असतो, तेही बारा वाजता.

तर एसी घेताना दुकानातच सकाळी आठची वेळ मागा. "सकाळी माणूस नाही" म्हणाले, तर दुसऱ्या दिवशीची सकाळ घ्या, एका रात्रीनं काही बिघडत नाही. एकट्याला पाठवू नका, दोघं पाठवा, असं सांगा. गच्चीची किल्ली आदल्या रात्रीच काढून ठेवा. आणि माठ भरलेला असू द्या. टाकीचं पाणी नको.

नमस्कार.