एकटीच?

[पहाट. कोपरखैरणे स्टेशन. ठाण्याकडे जाणारी लोकल फलाटावर येते.]

बाई म्हणते, "मी एकटी जातेय." समोरचा विचारतो, "एकटीच?" तो 'च' तिने लावलेला नसतो, ऐकणारा लावतो. त्यात काळजी असते, थोडा संशय असतो, कधी कीव असते. गेल्या वर्षभरात माझ्या मावशीने तो घरी, शेजारी, भिशीत, मुलाच्या फोनवर ऐकला. ऐकला की ती गप्प व्हायची आणि विषय महिनाभर मागे पडायचा.

मावशी ५४ वर्षांची आहे. कोपरखैरण्यात माथाडींसाठी सिडकोने बांधलेल्या बैठ्या घरात राहते. काका वाशीच्या बाजार समितीत माथाडी होते. गोणी उचलता उचलता गुडघे गेले, आता चार पायऱ्याही त्यांना जड जातात. मावशीने आयुष्यात प्रवास भरपूर केलाय: साताऱ्याला गावी, लग्नाला, जत्रेला, दहाव्याला. कडेवर पोर, डोक्यावर बोचकं, एसटीत उभ्याने. पण ज्या गावात आपलं कुणी नाही अशा गावाला ती कधी गेली नव्हती. आणि एकदा बोलता बोलता सहज म्हणाली, जन्मात एकही रात्र मी खोलीत एकटी झोपले नाही. आधी बहिणी, मग सासर, मग पोरं.

तिला गणपतीपुळ्याला जायचं होतं. मैत्रिणींबरोबर तीनदा ठरलं, तीनदा मोडलं. चौथ्यांदा तिने कुणाला विचारलंच नाही.

[कल्याण. बाजारातला रस्ता, माणसांची ये-जा.]

हे कल्याण. डॉ. आनंदीबाई जोशी इथल्या, जन्म १८६५ चा. १८८३ मध्ये त्या डॉक्टरी शिकायला अमेरिकेला निघाल्या, तेव्हा मुक्काम बंगालात श्रीरामपूरला होता. निघण्याआधी फेब्रुवारीत त्यांनी तिथे लोकांसमोर इंग्रजीत भाषण केलं. लोक जे प्रश्न विचारत होते तेच एकेक करून त्यांनी भाषणात घेतले. त्यातला एक होता: एकटीच का जाता?

त्यांचं उत्तर मला फार जवळचं वाटतं. दोघांनी जायचा विचार होता, त्या म्हणाल्या, पण तेवढा पैसा नाही, आणि नवऱ्यावर म्हाताऱ्या आईवडिलांची आणि लहान भावंडांची जबाबदारी आहे. बस. धाडसाची भाषा नाही, घरचा हिशेब आहे. एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोट सुटली तेव्हा त्या १८ वर्षांच्या होत्या. बोटीवर मिशनरी बायकांची सोबत होती, घरचं कुणीही नव्हतं.

त्याच भाषणात आणखी एक प्रश्न आहे: संकट आलं तर काय कराल?

[कॅलेंडरच्या पानाची मागची बाजू. बॉलपेनने लिहिलेली यादी.]

मावशीने हा प्रश्न सुटा करून लिहिला. रात्री पोचले तर. संडासला जाताना बॅग कोण बघणार. आजारी पडले तर. खोलीची कडी नीट नसेल तर. हॉटेलात एकटी जेवताना लोक बघतील.

"घाबरू नकोस" असं मी तिला एकदाही म्हटलं नाही. या देशात बाईला बाहेर वाटणारी भीती खोटी नाही आणि ती बोलून जात नाही. तिची एकेक ओळ घेऊन सोय काय करता येईल, एवढंच आम्ही पाहत बसलो.

पहिलं ठरलं ते पोचायच्या वेळेचं. अनोळखी गावात उजेडी पोचायचं. तिला खरं तर श्रावणात जायचं होतं. पण पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं. डोंगर कापून काढलेल्या मार्गावर दरड यायची भीती, म्हणून गाड्या हळू चालवतात. उशीर झाला तर पुढची एसटी अंधारात. मावशीने श्रावण सोडला आणि दिवाळीनंतरचा दिवस धरला. मुलगा म्हणाला, शेवटी घाबरलीच. मला तसं वाटत नाही. आत्ता नको, हेही तिचं तिने ठरवलं होतं.

मग गाडी. मांडवी एक्सप्रेस सकाळी ठाण्याला येते आणि दुपारी रत्नागिरीला सोडते. रात्रीच्या गाडीने जायचं असतं, तर ४५ च्या पुढच्या बाईला खालच्या बर्थचा वेगळा कोटा आहे, एकटीने तिकीट काढलं तरी मिळतो. स्लीपरच्या डब्यात बायकांसाठी थोडे बर्थ राखीव असतात, तिथे वयाचीही अट नाही. गाडीत काही झालं तर १३९, बाहेर ११२. हे दोन्ही नंबर तिने मोबाइलमध्येही घातले आणि पाठही केले. मोबाइल हरवला तर, म्हणाली.

खोलीचं मात्र अवघड गेलं. फोन तिनेच करायचे, असं तिचं म्हणणं. पहिल्या लॉजवाल्याने विचारलं, सोबत कोण? दुसऱ्याने तर सरळ सांगितलं, एकट्या माणसाला खोली देत नाही, बाई असो की पुरुष. मावशीने कारण विचारलं. मागे एकदा लफडं झालं, पोलिसांच्या फेऱ्या झाल्या, म्हणाला. तिसऱ्याने "साहेबांना बोलायला द्या" म्हटलं. तिने फोन ठेवला आणि भांडी घासायला गेली. त्या दिवशी मी कॅमेरा बंद केला.

दोन दिवसांनी एका घरगुती राहण्या-जेवण्याची सोय करणाऱ्या बाईंनी फोन उचलला. "एकट्या आहात ना? मग आमच्या स्वयंपाकघराला लागून आहे ती खोली घ्या. रात्री हाक मारलीत तरी ऐकू येईल." मावशी आधी कडीचं बोलली, मग भाड्याचं.

[ठाणे. मामलेदार मिसळ. गर्दी, बाकडी, वाफाळते वाडगे.]

यादीतल्या शेवटच्या ओळीवर ती सगळ्यात जास्त अडली होती. एकटीने जेवणं. म्हणून एका मंगळवारी ती ठाण्याला आली, सराव करायला. मामलेदारला जागा वाट्याला येईल तिथे बसावं लागतं. समोर दोन कॉलेजची मुलं, शेजारी एक वकील. मी पलीकडच्या टोकाला. पहिले चार घास ती ताटाकडेच बघत होती. मग रश्शाचा ठसका लागला, समोरच्या मुलाने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला, आणि तिने मान वर केली. कुणीही बघत नव्हतं. सगळ्यांच्या नाकातून पाणी वाहत होतं.

[घर. आरशासमोर मावशी.]

मंगळसूत्राचं काय करायचं, यावर दोघींचं वाजलं. सोन्याचं कपाटात ठेवलं, ते मला पटलं. पण काळ्या मण्यांची साधी पोत तिने घातलीच. "ही असली की लोक कमी विचारतात." मला ते लागलं. मी गप्प बसले, कारण गाडीत ती बसणार होती.

कुठे, कधी, कुणाकडे हे फक्त काकांना आणि मला माहीत. स्टेटसला फोटो परत आल्यावर. फोन दोनदा करायचा: एकदा चिपळूणहून, एकदा रत्नागिरीहून.

[ठाणे स्टेशन. मांडवी सुटते. खिडकीतला हात लहान होत जातो.]

इथून पुढे माझा कॅमेरा नाही. मी गाडीत चढले असते तर ती एकटी गेली असती कुठे? यापुढची दृश्यं तिच्या मोबाइलवरची आहेत. हललेली, काही आडवी, दोन-तीन तर नुसती तिच्या अंगठ्याची.

चिपळूणचा फोन वेळेवर आला. मग उक्षीनंतर करबुडे बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा. काकांनी नेमका तेव्हाच फोन लावला. लागेना. ते हातात फोन घेऊन दारात उभे राहिले, त्या गुडघ्यांवर, रत्नागिरीचा फोन येईपर्यंत.

रात्रीची क्लिप नऊ सेकंदांची आहे. लावलेली कडी, जळता दिवा, पलीकडे कुणीतरी भांडी आवरतंय. त्या रात्री दिवा चालू ठेवूनच झोपले, तिने नंतर सांगितलं. दुसऱ्या रात्री घालवला.

आणि ही त्या आधीची, दुपारची. रत्नागिरी स्टेशनबाहेर, मोबाइल पिशवीत चुकून चालू राहिलेला. पडद्यावर काळोख आहे, आवाज ऐका.

"कुठे जायचंय मावशी? एकट्याच?"

"हो, एकटीच. एसटी स्टँडचे किती घेणार?"