नकली पापण्यांच्या चिकटपट्टीला पेटंट मिळतं का? एक दावा एक्झामिनरच्या टेबलावर

[स्क्रीनवर दाव्याचा मजकूर]

नमस्कार. स्क्रीनवरचं वाक्य आधी नीट वाचून घेऊ.

"नकली पापण्या चिकटवण्यासाठीची पट्टी, जिच्यात एक लवचीक फिल्म, फिल्मच्या दोन्ही बाजूंना दाब दिल्यावर चिकटणाऱ्या ॲक्रिलिक गोंदाचा थर, आणि त्या थरांवर सोलून काढायचा सिलिकॉन लावलेला कागद आहे."

हा दावा, म्हणजे क्लेम, या व्हिडिओपुरता तयार केलेला नमुना आहे. पेटंटच्या अर्जात संरक्षण मागायचं ते या वाक्यातून. बाकीची पानं त्याला आधार देतात. आपण हे वाक्य मुंबईच्या पेटंट ऑफिसात नेऊ आणि तपासणीत त्याचं काय होतं ते पाहू. महाराष्ट्र आणि गोव्यातले अर्ज अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनातच येतात.

अर्ज करण्याआधीची एक गोष्ट, कारण इथे फार लोकांचं कायमचं नुकसान होतं. पट्टी कशी बनवली हे दाखवणारा रील टाकला, प्रदर्शनात स्टॉल लावला, ऑनलाइन विक्री सुरू केली आणि मग अर्ज भरला, तर तुमचाच रील तुमच्या विरुद्ध पुरावा ठरतो. अमेरिकेत स्वतःच्या प्रकटीकरणासाठी एक वर्षाची सवलत आहे. आपल्याकडे पेटंट कायद्याच्या कलम २९ ते ३२ मधले अपवाद अगदी अरुंद आहेत, जसं की सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात वस्तू मांडणं. इन्स्टाग्राम त्यात बसत नाही. त्यामुळे आधी अर्ज, मग रील.

अर्ज केला म्हणजे तपासणी आपोआप होते, असंही नाही. फॉर्म १८ भरून ती मागावी लागते. १५ मार्च २०२४ पासून केलेल्या अर्जांना ही मुदत अग्रक्रमाच्या तारखेपासून, म्हणजे या शोधाच्या पहिल्या अर्जाच्या तारखेपासून, ३१ महिने आहे. ती चुकली की अर्ज मागे घेतला असं धरतात. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असाल तर ऑनलाइन अर्जाची फी १,६०० रुपये, तपासणीची ४,०००. दहापेक्षा जास्त दावे असतील तर जादाच्या प्रत्येक दाव्याला ३२० रुपये. अर्जदार सगळे व्यक्ती असतील आणि त्यांत किमान एक स्त्री असेल, तर फॉर्म १८ए भरून ८,००० रुपयांत जलद तपासणी मागता येते. मेकअपच्या क्षेत्रात काम करणाऱ्या बायकांनी ही सोय जरूर वापरावी. अर्ज अजून प्रसिद्ध झाला नसेल तर सोबत लवकर प्रसिद्धीचा फॉर्म ९ जोडायचा.

आता एक्झामिनर, म्हणजे अर्ज तपासणारा अधिकारी, असं काही आधीच आहे का ते शोधायला बसतो. तो "आयलॅश टेप" एवढंच टाइप करून थांबत नाही, वर्गीकरणाच्या संकेतांकांनी शोधतो. ए४१जी ५/०२ मध्ये नकली पापण्या येतात, सी०९जे ७ मध्ये चिकट फिल्म आणि टेप. तुम्हीही अर्जाआधी हे दोन्ही वर्ग एस्पेसनेट या युरोपीय पेटंट कार्यालयाच्या संग्रहात आणि भारतीय कार्यालयाच्या इनपासवर चाळा. हे क्षेत्र जुनं आहे आणि त्यात गर्दीही आहे. कॅनडाच्या ॲना टेलर यांना नकली पापण्यांचं अमेरिकी पेटंट १९११ मध्येच मिळालं होतं. आजही या मालावरून जोरात भांडणं होतात. लॅशिफाय या कंपनीचा आयातीविरुद्धचा वाद अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयापर्यंत गेला आणि मार्च २०२५ मध्ये त्यावर निकाल आला.

पण आपल्या दाव्याला खरा धोका नकली पापण्यांच्या पेटंटांपासून नाही. जपान-कोरियात वर्षानुवर्षं मिळणारी डबल आयलिड टेप आठवा. पापणीवर घडी पाडण्यासाठी लावायची बारीक पट्टी, तिच्यात दुहेरी चिकट प्रकारही असतो. फिल्म आहे, दोन्ही बाजूंना गोंद आहे, सोलायचा कागद आहे. समजा, असं वर्णन करणारा जुना दस्तऐवज एक्झामिनरला सापडला. अहवालात त्याला डी१ म्हणतात.

तुम्ही म्हणाल, आमची पट्टी तर नकली पापण्यांसाठी आहे! वस्तूच्या दाव्यात नुसता उद्देश लिहिल्याने वस्तू नवी होत नाही. डी१ ची पट्टी जशीच्या तशी लॅशच्या बँडखाली, म्हणजे नकली पापण्यांचे केस बसवलेल्या कडेखाली, लावता येत असेल, तर सगळे घटक एकाच दस्तऐवजात आले आणि नावीन्य तिथेच संपलं. पहिला तपासणी अहवाल, म्हणजे एफईआर, हेच सांगेल.

[स्क्रीनवर दाव्याचे घटक एकेक करून खोडले जातात]

मग बहुतेक जण पहिला उपाय करतात तो मापं घालण्याचा. पट्टीची रुंदी ०.८ ते १.५ मिमी, जाडी ०.०५ ते ०.१५ मिमी. डी१ मध्ये ही मापं नसतील तर नावीन्य कदाचित वाचेल. पण पुढची पायरी कल्पकतेची. कलम २(१)(जेए) नुसार आधीच्या ज्ञानापेक्षा तांत्रिक प्रगती हवी किंवा आर्थिक महत्त्व हवं, किंवा दोन्ही. शिवाय त्या विषयातल्या जाणकाराला ती सहज सुचणारी नसावी. लॅशचा बँड अरुंद आहे म्हणून पट्टी अरुंद केली, यात न सुचण्यासारखं काय? सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम खटल्यात हाच फरक स्पष्ट केला. तिथे प्रश्न होता लेथवर भांडी धरून ठेवण्याच्या साधनाचा. वर्कशॉपमधल्या नेहमीच्या सुधारणेपेक्षा जास्त काहीतरी हवं, असं न्यायालयाने म्हटलं. पट्टी असो की पातेलं, मोजपट्टी तीच.

दुसरा उपाय जरा हुशारीचा. दोन्ही बाजूंचे कागद सारख्याच जोराने सुटत असतील तर एक कागद ओढताना दुसऱ्या बाजूचा गोंदही त्याच्या कागदावरून सुटतो आणि एवढी बारीक पट्टी चुरगळते. म्हणून एका बाजूचा कागद सहज सुटेल आणि दुसऱ्या बाजूचा जरा घट्ट राहील असं करायचं. कल्पना चांगली आहे, पण टेपच्या उद्योगात ती जुनीच आहे. एक्झामिनर सी०९जे मधून डी२ काढेल आणि लिहील, की टेप बनवणारा जाणकार डी१ आणि डी२ सहज एकत्र करेल. मला हा आक्षेप रास्त वाटतो.

मग टिकेल असं काय? त्यासाठी पट्टी नेमकी कुठे सुटते ते पाहावं लागतं.

[जवळून: बँडचं आतलं टोक, नाकाकडची बाजू]

लॅश आधी सुटते ती टोकाला, बहुतेक वेळा नाकाकडच्या. बँडला सरळ व्हायचं असतं आणि पापणी वक्र असते. त्या ताठपणाचा सगळा ताण टोकाच्या बारीकशा रेषेवर येतो, आणि सोलणं नेहमी कडेपासूनच सुरू होतं. त्यात पापणीवरचं तेल आणि डोळ्याचं पाणी गोंदाची पकड ढिली करतं. मिनिटाला १५ वेळा डोळे मिटतात असं धरलं तर ८ तासांत ७,२०० वेळा ते टोक हलतं. गोंद जास्त जहाल केला तर काढताना त्वचा आणि स्वतःच्या पापण्यांचे केस ओढले जातात. म्हणजे प्रश्न एकट्या गोंदाचा नाही, ताठपणाचाही आहे.

आता समजा, तुमच्या पट्टीत दोन्ही टोकांच्या ४ मिमी भागात फिल्मला आडव्या चिरा आहेत. फिल्म तिथे मऊ पडते, वक्रतेवर बसते, आणि गोंद तोच ठेवूनही टोक उचललं जात नाही. डी१ मध्ये हे नसेल आणि डी२ मध्येही टोकं सुटण्याचा प्रश्न आणि हा उपाय दोन्ही नसतील, तर बोलायला जागा आहे. दावा इथे आणायचा.

पण नुसतं म्हणून भागत नाही, तुलना दाखवावी लागते. गोंद तोच, जाडी तीच, रुंदी तीच, फरक फक्त चिरांचा. पापणीइतक्या वक्र सिलिकॉनच्या साच्यावर कृत्रिम तेलाचा थर द्या, त्वचेच्या तापमानाला ठेवा, साचा ठरावीक वेळा वाकवा आणि टोक किती मिमी उचललं ते मोजा. सोलण्याच्या जोराची चाचणी करत असाल तर नमुन्याची रुंदी, सोलण्याचा कोन आणि वेग लिहा. टेपच्या तक्त्यांत आकडे बहुधा २५ मिमी रुंदीचे असतात. १ मिमीच्या पट्टीचा आकडा त्यांच्याशेजारी नुसता ठेवला तर एक्झामिनर तो बाजूला सारेल, आणि त्याचं बरोबर असेल.

हे सगळं अर्जात कधी लिहायचं? दाखल करतानाच. कलम ५९ नुसार नंतर दाव्यात बदल होतो तो डिस्क्लेमर (काही भागावरचा हक्क सोडणं), दुरुस्ती किंवा स्पष्टीकरण एवढ्याच मार्गाने, आणि मूळ तपशिलात, म्हणजे अर्जातल्या शोधाच्या वर्णनात, नसलेली गोष्ट आत आणता येत नाही. तपशिलात चिरांचा उल्लेखच नसेल तर एफईआर आल्यावर त्या आठवून उपयोग शून्य. चाचण्या बाकी असतील तर प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज करा आणि १२ महिन्यांच्या आत चाचण्यांसह पूर्ण तपशील भरा. मात्र चिरांची कल्पना प्रोव्हिजनलमध्येच असू द्या, नाहीतर तिला आधीची तारीख मिळणार नाही. लांबी एकच लिहू नका. ३, ४, ५, ६ मिमी अशी उदाहरणं असतील तर दावा आक्रसायला वाव राहतो.

बाकीचे आक्षेप भराभर पाहू. गोंदात कोरफड घातली आणि गोंदाचं काम गोंदाने, कोरफडीचं कोरफडीने केलं, तर कलम ३(ई): नुसतं मिश्रण. पट्टी, चिमटा आणि पुसायचा रुमाल एका डबीत घालून संच म्हणून मागितला तर ३(एफ), कारण प्रत्येक वस्तू आपापलं जुनंच काम करते. "पापणीवर पट्टी लावण्याची पद्धत" असा दावा केला तर ३(आय) चा आक्षेप येऊ शकतो, कारण त्या कलमात माणसांवरचे "इतर उपचार"ही येतात. आणि "पुरेशी मऊ", "योग्य जाडीची" असे शब्द दाव्यात ठेवूच नका. किती मऊ, कशाने मोजली, हा प्रश्न येणारच.

एफईआर निघाल्यापासून उत्तराला ६ महिने मिळतात. मुदतवाढ मागायची तर फॉर्म ४ आणि फी लागते. उत्तरच दिलं नाही तर कलम २१ नुसार अर्ज सोडून दिला असं मानतात. उत्तरात सुधारित दाव्यांची स्वच्छ प्रत आणि बदल खुणावलेली प्रत, दोन्ही द्या, आणि प्रत्येक बदल मूळ तपशिलाच्या कुठल्या पानावरून आला ते सांगा. "डी१ वेगळ्या कामासाठी आहे" या वाक्यावर उत्तर उभं करू नका. डी१ मध्ये टोक ताठ का राहतं, चिरांनी काय बदललं आणि तक्त्यातला कुठला आकडा ते दाखवतो, हे क्रमाने मांडा.

तरी समाधान झालं नाही तर कंट्रोलरपुढे, म्हणजे निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्यापुढे, सुनावणी होते, हल्ली व्हिडिओ कॉन्फरन्सवर. सुनावणीनंतर लेखी म्हणणं १५ दिवसांत द्यायचं. पट्टी कॅमेऱ्यासमोर धरून दाखवायला हरकत नाही, पण निर्णय लिहिला जातो तो कागदावरच्या दाव्यावर.

पट्टी डोळ्याला सुरक्षित आहे का, हे यात कोणी तपासत नाही. पेटंटचा क्रमांक पाकिटावर छापला म्हणजे ॲलर्जीची चाचणी झाली असं नव्हे. ते काम वेगळं आणि जबाबदारीही वेगळी.

मंजुरीनंतरही एक वर्षभर कोणीही हितसंबंधी कलम २५(२) खाली विरोध नोंदवू शकतो. पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं असते आणि तिसऱ्या वर्षापासून नूतनीकरणाची फी सुरू होते. ती थकली तर पेटंट बंद पडतं, आणि पुन्हा जिवंत करायला बंद पडल्यापासून १८ महिन्यांत अर्ज करावा लागतो.