दुसऱ्याचं गणित पुन्हा मांडताना

नमस्कार श्रोतेहो.

बँकिंग, वित्त किंवा कंपनी व्यवस्थापन यांत संशोधन करायचं ठरवून आलेला पदव्युत्तर विद्यार्थी पहिल्या भेटीत एक कागद पुढे ठेवतो. त्यावरचं शीर्षक मला बऱ्याचदा न वाचताच सांगता येतं. ‘बँकांच्या कामगिरीचा चिकित्सक अभ्यास’, नाहीतर ‘कंपन्यांच्या वित्तीय व्यवस्थापनाचा विश्लेषणात्मक अभ्यास’. शीर्षक भारदस्त असतं, पण त्यात प्रश्नच नसतो. कामगिरी म्हणजे नफा, बुडीत कर्जं, की ठेवीदाराला मिळणारी सेवा? कुठल्या बँका, कुठली वर्षं, आणि तुलना कशाशी? एवढं विचारलं की विद्यार्थी ते निमूट वहीत उतरवून घेतो आणि पुढच्या खेपेला शीर्षक आणखी लांब करून आणतो.

अशा वेळी मी त्याला थॉमस हर्नडनची गोष्ट सांगतो. हा मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट इथल्या अर्थशास्त्र विभागात पीएच.डी. करणारा विद्यार्थी. वर्गातला स्वाध्याय साधा होता: एखादा नावाजलेला शोधनिबंध निवडा आणि त्यातले आकडे स्वतः काढून दाखवा. हर्नडननं निवडला कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांचा २०१० सालचा निबंध. सरकारी कर्ज देशाच्या सकल उत्पादनाच्या ९० टक्क्यांवर गेलं की आर्थिक वाढ ढासळते, असं त्यात म्हटलं होतं. १९४६ ते २००९ या काळातल्या २० प्रगत देशांच्या आकडेवारीत अशा कर्जबाजारी वर्षांचा सरासरी वाढीचा दर उणे ०.१ टक्का निघाला होता. सरकारी खर्चाला कात्री लावा म्हणणारे राजकारणी तेव्हा हा निबंध हातात घेऊन बोलत होते.

हर्नडनचं उत्तर काही केल्या जुळेना. आपलंच चुकतंय असं त्याला वाटलं, त्याच्या प्राध्यापकांनाही आधी तसंच वाटलं. शेवटी त्यानं लेखकांकडेच त्यांचा संगणकावरचा तक्ता मागितला, आणि त्यांनी तो पाठवला. तक्त्यात सरासरीचं सूत्र ३० ते ४९ या ओळींवर चालायला हवं होतं, ते ४४व्या ओळीवरच थांबलं होतं. शेवटच्या ५ ओळी, म्हणजे ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क, हिशेबात आल्याच नव्हत्या.

वर्तमानपत्रांनी ही सूत्राची चूक उचलून धरली, कारण ती चटकन कळते आणि हसूही येतं. मला मात्र दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. निबंधात प्रत्येक देशाला सारखंच वजन दिलं होतं. ब्रिटनची जादा कर्जाची १९ वर्षं होती आणि त्यांत सरासरी वाढ २.४ टक्के. न्यूझीलंडचं त्या गटात एकच वर्ष धरलं होतं, उणे ७.६ टक्क्यांचं. सरासरी काढताना ते एक वर्ष आणि ब्रिटनची १९ वर्षं एकाच तराजूत सारखी ठरली. ही चूक म्हणायची की निवड, यावर वाद होऊ शकतो. पण अशी निवड वाचकाला उघड सांगितली पाहिजे, यावर वाद नसावा. सगळं दुरुस्त केल्यावर हर्नडन आणि त्याच्या दोन प्राध्यापकांचं उत्तर आलं २.२ टक्के. हे त्यांनी एप्रिल २०१३ मध्ये जाहीर केलं. मूळ लेखकांनी सूत्रातली चूक मान्य केली, पण जास्त कर्ज आणि मंद वाढ यांचं नातं आहे हे मत सोडलं नाही. ती चर्चा आजही मिटलेली नाही, आणि तसं असायलाही हरकत नाही.

तर श्रोतेहो, पहिलं काम हे. आपल्या विषयातला एक निबंध घ्या आणि त्यातला एकच तक्ता स्वतःच्या हातानं पुन्हा तयार करा. विद्यार्थ्यांना हे कमीपणाचं वाटतं. ‘यात माझं नवीन काय?’ असं ते विचारतात. नवीन जे काही असतं, ते याच खटाटोपात सापडतं, असा माझा अनुभव आहे.

याचा एक सुरेख नमुना कंपनी व्यवस्थापनातला आहे. कंपन्या आपल्या बड्या अधिकाऱ्यांना ठरलेल्या भावानं शेअर विकत घेण्याचा हक्क देतात. हा ठरलेला भाव बहुधा हक्क दिला त्या दिवशीचा बाजारभाव असतो. पुढे भाव चढला की फरक अधिकाऱ्याच्या पदरात. म्हणजे सगळा खेळ त्या एका तारखेचा. १९९७ साली डेव्हिड यरमॅक या संशोधकांनी दाखवलं, की असे हक्क दिल्यानंतर शेअर वर जातात. अर्थ असा लावला गेला, की चांगली बातमी बाहेर येण्याआधीच हक्क वाटून घेतले जातात.

आयोवा विद्यापीठातले एरिक ली यांनी हाच प्रश्न पुन्हा हातात घेतला. त्यांचा निबंध २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यांना दिसलं, की भाव तारखेनंतर चढतो एवढंच नाही, तारखेआधी तो उतरलेलाही असतो. जणू तारीख नेमकी दरीच्या तळाशी जाऊन बसली आहे. आणखी एक गोष्ट होती. फक्त त्या कंपनीचा शेअर नव्हे, तर अख्खा बाजारच त्या तारखेनंतर वर गेलेला दिसत होता. आपल्या कंपनीची आतली बातमी अधिकाऱ्याला ठाऊक असेल, पण उद्याचा बाजार त्याला कसा कळणार? तो कळत नसेल, तर उत्तर एकच उरतं: निदान काही तारखा मागाहून टाकल्या असाव्यात, आधीचे भाव बघून. पुढे तपास यंत्रणा जाग्या झाल्या आणि शंभरावर कंपन्यांची चौकशी झाली. ना छापा, ना आतला खबऱ्या. सगळ्यांना उपलब्ध असलेल्या भावांचं निरीक्षण, एवढ्यावर हे घडलं.

यात शिकण्यासारखा एक बारकावा आहे. ऑगस्ट २००२ पासून अमेरिकेत नियम आला, की असा हक्क मिळाला तर दोन कामकाजाच्या दिवसांत शेअर बाजाराच्या नियामकाला कळवायचं. मागची तारीख टाकायला मग जागाच उरत नाही. ली आणि त्यांचे सहकारी रँडल हेरॉन यांनी नियमाआधीचा आणि नंतरचा काळ वेगळा करून पाहिला. नियमानंतर ती दरी बरीचशी भरून आली होती, आणि जिथे कळवायला उशीर झाला होता तिथेच ती ठळक राहिली होती. याला म्हणतात पुरावा. नाहीतर आमच्याकडे संगणकाला दोन रकाने दिले की तो त्यांच्यात नातं शोधून देतो, आणि विद्यार्थी त्यालाच निष्कर्ष म्हणतो. संचालक मंडळात स्वतंत्र सदस्य जास्त असलेल्या कंपन्यांचा नफा जास्त, असं निघालं समजा. चांगल्या मंडळामुळे नफा वाढला, की नफ्यातल्या कंपनीकडे चांगली माणसं सहज आली? तक्ता दोन्हीकडे सारखाच दिसतो. नियम बदलला, तारीख ठरली, काहींना लागू झाला आणि काहींना नाही, अशी एखादी फट सापडली तरच उत्तराच्या जवळ जाता येतं. अशी फट शोधण्यात सहा महिने गेले तर ते फुकट गेले असं समजू नये.

बँकांच्या बाबतीत आणखी एक चकवा आहे: जे दिसत नाही त्याचा. कोणते कर्जदार कर्ज बुडवतात हे अभ्यासायला विद्यार्थी बँकेच्या नोंदी घेतो. पण त्या नोंदींत फक्त ज्यांना कर्ज मिळालं तेच असतात. ज्यांचे अर्ज नाकारले, त्यांनी फेडलं असतं का, हे नोंदवहीत कुठून येणार? कंपन्यांचंही तसंच. आज शेअर बाजाराच्या यादीत असलेल्या कंपन्यांचा गेल्या वीस वर्षांचा नफा काढला, की दरम्यान बुडालेल्या आपोआप गळतात आणि व्यवसाय आहे त्याहून सोपा भासतो. एडवर्ड ऑल्टमन यांनी १९६८ साली दिवाळखोरीचा अंदाज बांधणारं सूत्र तयार केलं, तेव्हा मुद्दाम ३३ बुडालेल्या आणि ३३ तगलेल्या कंपन्या घेतल्या. बुडालेल्यांना मोजलं हे फार चांगलं केलं. मात्र प्रत्यक्षात निम्म्या कंपन्या बुडत नाहीत, त्यामुळे या सूत्राची खरी कसोटी त्या ६६ कंपन्यांच्या बाहेरच लागते.

प्रश्नावलीबद्दल थोडक्यातच बोलतो, कारण त्यावर बोलू लागलो की माझा सूर बिघडतो. ‘आपण बँकेच्या सेवेबद्दल समाधानी आहात का?’ असं शाखेतच, कर्मचाऱ्यांच्या देखत विचारलं तर माणूस काय सांगणार? हो म्हणून मोकळा होतो. मग प्रबंधाचा निष्कर्ष येतो की ग्राहक समाधानी आहेत. त्यापेक्षा खातं बंद केलेल्यांना गाठून बोला. ते मनापासून बोलतात.

आणि मौखिकीची भीती. त्यावर मी हॅरी मार्कोविट्झ यांचा किस्सा सांगतो, त्यांनी स्वतःच तो सांगून ठेवला आहे. गुंतवणूक एकाच शेअरमध्ये न करता कशी विभागावी, याचं गणित त्यांनी शिकागोत प्रबंधात मांडलं. मौखिकीला समोर होते नामवंत अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन. त्यांनी हरकत घेतली, की हा विषय अर्थशास्त्रात मोडतच नाही, मग अर्थशास्त्राची पदवी द्यायची कशी? पदवी मिळाली, आणि याच कामासाठी १९९० साली नोबेलही. तो सन्मान स्वीकारताना मार्कोविट्झ यांनी कबूल केलं, की फ्रीडमन यांचं म्हणणं त्या दिवसापुरतं बरोबर होतं. तेव्हा तो विषय अर्थशास्त्रात नव्हताच.

आता कुणी विद्यार्थी ऐकत असेल तर एवढंच. शीर्षक सध्या बाजूला ठेव. या आठवड्यात एक निबंध निवड, त्यातला पहिला तक्ता उघड आणि आकडे काढायला बस. जुळले नाहीत तर आधी स्वतःचं तपास, मग पुन्हा तपास. तरीही जुळले नाहीत, तर लेखकाला दोन ओळींचं, नम्र पत्र लिही आणि त्यांचा मूळ तक्ता माग. उत्तर येईलच असं नाही. हर्नडनला मात्र आलं होतं.

नमस्कार.