इन्स्टॉलर अडला म्हणजे प्रोग्राम अडला असे नव्हे

मित्रहो, विंडोजचा प्रोग्राम लिनक्सवर बसत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्याने वाइन, म्हणजे विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारे सॉफ्टवेअर, एकदा काढून पुन्हा घातलेले असतेच, आणि शेजारच्या जाणकाराने ‘सरळ फॉरमॅट मारू’ असा सल्लाही दिलेला असतो. या फॉरमॅट मारण्याच्या वृत्तीविरुद्ध मला आज बोलायचे आहे. वाइन पुन्हा घातल्याने बहुधा काहीच बदलत नाही, कारण त्याची सी ड्राइव्ह आणि रजिस्ट्री, म्हणजे सेटिंगची नोंदवही, तुमच्या होम फोल्डरमधल्या ‘.वाइन’ या लपलेल्या फोल्डरात असते; पॅकेज काढले तरी ती जागची हलत नाही आणि तिच्यातला बिघाड नव्या वाइनला वारशाने मिळतो.

गिरगावातल्या एका छापखान्याचे उदाहरण सांगतो. लग्नपत्रिका जुळवण्याचा त्यांचा जुना प्रोग्राम ३२-बिट होता, पण त्याचा इन्स्टॉलर, म्हणजे तो संगणकावर बसवून देणारा प्रोग्राम, मात्र त्याहून जुन्या पिढीचा, १६-बिट! नव्वदच्या दशकात असे सर्रास होई. ६४-बिट विंडोज १६-बिट प्रोग्राम चालवत नाही, त्यामुळे नव्या संगणकावर तो सुरूच होईना. विक्रेत्याला फोन केला, तर नवी आवृत्ती नव्या किमतीत घ्या, असे उत्तर मिळाले. (हशा) लिनक्सवर वाइनने तोच इन्स्टॉलर उघडला, परंतु ‘ही विंडोज चालणार नाही’ म्हणून तो थांबला. तेवढ्यावर मालकांच्या भाच्याने अख्खे लिनक्स नव्याने टाकले. वास्तविक वाइन स्वतःला विंडोज १० म्हणवत होते आणि हे नाव त्या इन्स्टॉलरच्या जन्मानंतरचे होते. वाइनच्या सेटिंगमध्ये विंडोज ९८ निवडताच सारे सुरळीत बसले. प्रोग्रामात दोष नव्हता. अडखळला तो फक्त इन्स्टॉलर, आणि हे दोन वेगळे प्रोग्राम आहेत, हाच माझा मुद्दा.

वाइनचे काम १९९३ साली सुरू झाले आणि १.० आवृत्ती जून २००८ मध्ये आली. सदनिकेच्या ताब्याची वाट पाहणाऱ्या मुंबईकरांना ही पंधरा वर्षे फार वाटू नयेत.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, म्हणून तपासाचा क्रम भरभर सांगतो. प्रत्येक अवघड प्रोग्रामासाठी वेगळा प्रीफिक्स, म्हणजे ‘.वाइन’सारखा वेगळा फोल्डर करावा, म्हणजे एकाची मोडतोड दुसऱ्याला बाधत नाही. सुडो, म्हणजे रूट या प्रशासकाच्या अधिकाराने प्रोग्राम चालवण्याचा आदेश, वाइनसोबत कधीही वापरू नये, कारण मग फाइलींची मालकी रूटकडे जाते आणि वाइन पुढे तुम्हालाच दाराबाहेर ठेवते. इन्स्टॉलर टर्मिनलमधून, म्हणजे आदेश टाइप करण्याच्या खिडकीतून चालवावा आणि शेवटच्या खिडकीतल्या मोघम संदेशापेक्षा, कोणती डीएलएल, म्हणजे प्रोग्रामाला लागणारी सहायक फाइल, सापडली नाही हे सांगणारी आधीची ओळ शोधावी.

व्हिज्युअल सी++ किंवा डॉटनेट या मायक्रोसॉफ्टच्या सहायक संचांचा भाग कमी पडत असेल, तर तो विनट्रिक्सने, म्हणजे असे भाग वाइनमध्ये घालणाऱ्या साधनाने, त्याच प्रीफिक्समध्ये घालावा. इन्स्टॉलरची फाइल एमएसआय प्रकारची असेल, तर ती वाइनमधल्या एमएसआयएक्झेक या आदेशामार्फत चालवावी. डेबियन किंवा उबंटू या लिनक्सच्या प्रकारांवर ३२-बिट प्रोग्राम मुळीच सुरू होत नसेल, तर आय३८६, म्हणजे ३२-बिट पॅकेजांचे आर्किटेक्चर, जोडून ३२-बिट वाइन घातले आहे का, हे पाहावे.

डोंगलवर, म्हणजे परवान्याची किल्ली म्हणून संगणकाला लावायच्या उपकरणावर, चालणाऱ्या प्रोग्रामांपाशी मात्र हा क्रम थांबतो. त्यांना बहुधा विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, शिरणारा ड्रायव्हर लागतो आणि वाइनपाशी तो कर्नलच नाही. तिथे व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकातल्या आभासी संगणकात, खरी विंडोज घालून यूएसबी डोंगल तिला जोडून द्यावा. तिचा परवाना अर्थातच वेगळा घ्यावा लागतो.