कॅमेरा टेबलाकडे

पडद्यावर चौकोनच चौकोन. प्रत्येकात एक चेहरा आणि खाली बंद माइकची लाल खूण. मॅडमच्या चौकोनात मात्र मॅडम नाहीत. तिथे आहे एक चेंडू, आणि मागे उभी केलेली मीटरपट्टी.

मोबाइल त्यांनी टेबलाकडे वळवलाय. चेहरा बघून भौतिकशास्त्र कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. चित्रीकरण करता करता ते आम्हालाही पटलं.

आधी पोल. वेळ दुप्पट झाला, तर चेंडू किती अंतर पडेल? ‘दुप्पट’चा पट्टा भराभर वाढतोय, बघा.

चेंडू सुटला! कॉलवर तो धड दिसलाही नाही. नेट मंदावलं की मधल्या फ्रेम गळतात. म्हणून हेच पडणं दुसऱ्या मोबाइलवर रेकॉर्ड होत होतं. आता स्क्रीन शेअर. सेकंदाला ३० फ्रेम. मॅडम तीन-तीन फ्रेमनी पुढे जातात, म्हणजे दर वेळी सेकंदाचा दहावा भाग.

पट्टीवर वाचा. ५ सेंटिमीटर. मग २०. मग ४४. मग ७८.

आता एकेका टप्प्यातलं अंतर काढा: ५, १५, २४, ३४. पाचाने भागा. जवळपास १, ३, ५, ७! विषम संख्यांची हीच रांग गॅलिलिओने १६३८ साली छापली. त्याच्याकडे ना कॅमेरा, ना सेकंदकाटा. उतरत्या फळीवरून गोळा सोडायचा आणि तेवढ्या वेळात भांड्यातून गळलेलं पाणी तोलायचं. तेच त्याचं घड्याळ.

पुढचा प्रयोग मुलांच्या हाती. दोरा, टोकाला एखादी जड वस्तू. लांबी २५ सेंटिमीटर ठेवली, तर दहा हेलकाव्यांना (जाऊन परत आला की एक) दहा सेकंद. एक मीटर केली, तर वीस. लांबी चौपट, वेळ फक्त दुप्पट.

दोलक मॅडमच्या टेबलावर आणि मोजणारे आपापल्या घरी, असं केलं तरी चालतं. चित्र अर्धा सेकंद उशिरा येईना का! पहिला हेलकावा जेवढा उशिरा दिसतो, तेवढाच शेवटचा. वजाबाकीत उशीर उडून जातो. (चित्र मध्येच गोठलं, तर मात्र पहिल्यापासून मोजायचं.)

तास संपताना पुन्हा तोच पोल. या वेळी ‘चौपट’ वर.

एकेक चौकोन मिटतोय. एक मुलगी अजून आहे. तिने दोरा आणखी लांब केलाय. माइक बंद, ओठ हलतायत. सात... आठ... नऊ...