चक ट्रू करताना

[डायलची सुई, अगदी जवळून]

लेथवर कापायचा तुकडा, म्हणजे जॉब, ज्या पकडीत धरतात तो चक हातानं फिरतोय, सावकाश. तो ट्रू करायचा, म्हणजे जॉब नेमका मध्यावर धरेल असा करायचा. डायलचं, म्हणजे सुईनं बारीक फरक दाखवणाऱ्या मापकाचं, टोक चकमध्ये धरलेल्या एका चकचकीत दांड्यावर टेकलंय. सुई चढते, थांबते, उतरते. एका फेरीत 13 रेघा. एक रेघ 0.01 मिलिमीटरची, म्हणजे रनआउट, एका फेरीतलं डगमगणं, 0.13. दांड्याचा मध्य स्पिंडलच्या, म्हणजे चक फिरवणाऱ्या अक्षाच्या, मध्यापासून त्याच्या निम्मा सरकलाय.

पुण्यातल्या एका फ्लॅटची ही ड्राय बाल्कनी. वॉशिंग मशीनच्या जागी लेथ बसलाय. वजन सुमारे 40 किलो, स्विंग, म्हणजे जास्तीत जास्त केवढ्या व्यासाचा जॉब फिरेल ते माप, सात इंची. चीनमध्ये बनणारा हा लेथ जगभर वेगवेगळ्या रंगांत आणि वेगवेगळ्या नावांनी विकला जातो. काका भोसरीत टर्नर होते, आता वाफेची छोटी इंजिनं करतात. वॉशिंग मशीनचं काय झालं, यावर काकूंनी कॅमेऱ्यासमोर बोलायला नकार दिला.

दांडा जुन्या बाजारातल्या एका मोडक्या प्रिंटरमधला. प्रिंटरचा हेड ज्याच्यावरून इकडून तिकडे सरकतो, तोच. ग्राइंड केलेला असतो, त्यामुळे गोल आणि सरळ. बाजारातली साधी सळई लावून डायल बघितला, तर सुई चकची चूक दाखवतेय की सळईची, हेच कळत नाही.

काका आधी जबड्यांपाशी माप घेतात, मग 75 मिलिमीटर पुढे. जवळ 0.13, लांब 0.22. दोन्हीकडे आकडा सारखा आला असता तर दांडा नुसता बाजूला सरकलाय असं म्हणता आलं असतं. इथे तो वाढतोय. म्हणजे दांडा तिरपाही धरला गेलाय.

[चक उघडलेला. चकतीवरची वळणदार खाच]

थ्री जॉ चकचं सगळं गुपित या चकतीत आहे. हिला स्क्रोल म्हणतात. चावी फिरली की चकती फिरते आणि तिच्या सर्पिल खाचेत अडकलेले तिन्ही जबडे एकदम मध्याकडे सरकतात. सायमन फेअरमन या अमेरिकन माणसानं 1840 साली अशा चकचं पेटंट घेतलं. युक्ती तेव्हापासून तीच आहे, आणि तिच्यातली अडचणही. सर्पिलाची गोलाई मध्याजवळ जास्त, कडेला कमी. जबड्याचे दात मात्र एकाच आकाराचे. त्यामुळे दात खाचेत पूर्ण कधीच बसत नाहीत, एखाद्या रेघेवर टेकतात. म्हणूनच 10 मिलिमीटरच्या जॉबवर एक रनआउट मिळतो, 25 वर दुसरा. या मापाच्या साध्या चकला 0.05 ते 0.10 येत असेल तर वाईट म्हणता येणार नाही. काकांचा 0.13 म्हणजे तक्रार करण्यासारखा, पण फेकून देण्यासारखा नाही.

आणि नवा चक आणला तरी तो बसणार कुठे? याच स्पिंडलच्या तोंडावर. म्हणून आधी तोंड तपासायचं.

चकमागचे तीन नट काढणं हे मोठं जिकिरीचं काम. हेडस्टॉक, म्हणजे स्पिंडल ज्यात बसतो तो भाग, आणि फ्लँज, म्हणजे स्पिंडलच्या तोंडाची चकती, यांच्यामधल्या फटीत पाना जेमतेम शिरतो, नट थोडा थोडा फिरतो. चक निघाला. आता डायल थेट स्पिंडलच्या, चक ज्यावर बसतो त्या उंचवट्यावर, मग आतल्या निमुळत्या भोकात, टेपरमध्ये. सुई एक रेघही पुरती हलत नाही. स्पिंडल चांगला आहे, दोष त्याच्यापुढे कुठेतरी आहे.

[फ्लँजवर बोट]

हा बघा. फ्लँजच्या कडेला चिकटलेला धातूचा किस, जेमतेम दिसेल असा. हिशोब साधा आहे. 80 मिलिमीटरच्या चकखाली एका कडेला 0.05 चा किस अडकला, की चकपासून 80 मिलिमीटर लांब दांडा 0.05 नं सरकतो आणि डायल त्याच्या दुप्पट, 0.10 दाखवतो. भोकांच्या कडांना बर, म्हणजे धातूचे बारीक काटे, उठलेत, ते काका बारीक ऑइलस्टोननं उतरवतात. कानस लावायची नाही, असं ते दोनदा बजावतात. कानशीनं सपाट जागेचीच वाट लागते.

चकचे तुकडे रॉकेलमध्ये. ब्रशनं स्क्रोलच्या खाचेतून काळा गाळ निघतोय, त्यात पितळेचा चुरा चमकतोय. जबड्यांवर 1, 2, 3 असे आकडे असतात, त्याच क्रमानं ते परत घालायचे. क्रम चुकला तर तिघे मध्यावर एकत्र येतच नाहीत. तेल अगदी थोडं. ग्रीस भरलं की किस त्यात रुतून बसतो.

चक परत चढवताना तीन जागा मिळतात. काका तिन्ही जागी बसवून मोजतात, सगळ्यात कमी आकडा जिथे आला तिथे चक आणि फ्लँज दोन्हींवर सेंटर पंचनं ठिपका मारतात. चावीची भोकंही तीन. प्रत्येक भोकातून आवळून बघितलं, एकावर आकडा कमी आला. त्या भोकापाशी दुसरा ठिपका. आता जवळ 0.07, लांब 0.08. एक रुपयाही खर्च झालेला नाही.

[ठिणग्या]

उरलेलं काम जबड्यांचं. वर्षानुवर्षं आखूड जॉब धरून त्यांची तोंडं पुढून झिजतात, कर्ण्यासारखी फाकतात. दांडा मागे घट्ट, पुढे सैल. जबडे कडक केलेले असतात, टूलनं कापले जात नाहीत, ग्राइंड करावे लागतात. टूलपोस्टवर, म्हणजे टूल धरायच्या जागी, छोटा ग्राइंडर. पण जबडे मोकळे ठेवून घासले तर काही उपयोग नाही, कारण जॉब धरल्यावर ते वेगळ्याच जागी टेकतात. म्हणून शेजारशेजारच्या जबड्यांच्या मधे सारख्या जाडीच्या तीन पिना अडकवून चक आवळलाय. ताण तसाच, पकडणारी तोंडं मात्र मोकळी. चक हळू फिरतोय, ग्राइंडर आत-बाहेर. एका वेळी 0.01, त्याहून जास्त नाही. लेथच्या बेडवर, म्हणजे खालच्या सरकपट्ट्यांवर, ओला कपडा पसरलाय, कारण ग्राइंडिंगची धूळ बेडवर पडली तर तो कुरतडून टाकते. नंतर चक पुन्हा खोलून धुवायचा. ही पायरी कंटाळा करून गाळणारे बरेच असतात.

फ्लँजचा उंचवटाच थोडा कमी करून चक हलवत जुळवायचा, असाही एक रस्ता आहे. काका स्पिंडलला हात लावायला तयार नाहीत. पुढे वेगळ्या बॅकप्लेटवर, म्हणजे चक आणि स्पिंडलच्या मधल्या चकतीवर, 100 मिलिमीटरचा चक घेतला, तर ही कसरत बॅकप्लेटवर करू म्हणतात. बॅकप्लेट बिघडली तर दुसरी करता येते.

[पुन्हा डायल]

जवळ 0.03. लांब 0.04. हा आकडा प्रिंटरच्या दांड्याच्या मापावरचा. 25 मिलिमीटरवर तो 0.05 येतो, आणि स्क्रोल आहे तोवर येत राहणार.

फरक काय पडला? जॉब एकाच पकडीत पूर्ण केला तर काहीच नाही, चक कितीही आउट असो. उलटा धरायची वेळ आली की फरक पडतो, आणि इंजिनाचा हा पितळी पिस्टन उलटा धरल्याशिवाय होत नाही.

क्रँकशाफ्टला मात्र हा चक चालणार नाही. 16 मिलिमीटरचा स्ट्रोक हवा, तर जॉब मुद्दाम 8 मिलिमीटर बाजूला धरावा लागतो. त्यासाठी काकांनी खालच्या कप्प्यातून डॉग चक काढलाय. चारही जबडे सुटे, प्रत्येकाला वेगळा स्क्रू.